जुना कान

६ जून

भोंग्या,

या नावाने तुला हाक मारणारं आता कुणी उरलं असेल असं वाटत नाही. नव्या अल्बमच्या कव्हरवर तुझं खरं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय, की ते तुझंच आहे हे पटायला मला चष्मा पुसावा लागला.

अभिनंदन. चोवीस वर्षं गप्प बसून माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा माइकसमोर उभा राहतो, हे काही खायचं काम नाही. 'गंज' हे नावही चांगलं आहे. मी पूर्ण ऐकला. दोनदा. दुसऱ्यांदा बायकोमुळे, तिने लावला, आणि मी त्याच खोलीत पेपर वाचत होतो.

मी काय करतो हे तुला कुठून माहीत असणार. कान तपासतो. सव्वीस वर्षं झाली. लोकांना एका बंद, आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवतो, हेडफोन लावतो आणि काचेच्या अलीकडून एकेक बारीक स्वर सोडतो. ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. त्याचा आलेख निघतो, आणि गरज असेल त्याला मी कानात बसवायचं यंत्र करून देतो. येणाऱ्यांतला जवळजवळ प्रत्येक नवरा सांगतो की त्याचे कान ठणठणीत आहेत, बायकोच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

अल्बमच्या पानाखाली लोकांनी मतं लिहिलीत, ती तू वाचतोस का? मुलाखतीत म्हणालास, वाचत नाही. थापा मारतोस. निबंधाला 'ठीक' असा शेरा मिळाला तर दोन दिवस कुणाशी न बोलणारा माणूस तू. पण तुझी अडचण नको, म्हणून निवडक मतं उतरवून पाठवतो.

'बाप परत आला.' असं एकवीस जणांनी लिहिलंय. एवढी मुलं तुला सांभाळायची आहेत.

'घसा बसलाय, पण माणूस उभा आहे.' हे मला आवडलं.

'माझे वडील कधी काही ऐकत नाहीत. पाचवं गाणं लागलं तेव्हा हातातलं ताट तसंच धरून उभे राहिले.' हे खरं असेल असं धरू.

'सगळं छान, पण ड्रमवरच्या झांजा कानात टोचतात. आवाज कमी करून ऐकलं.' अशी बरीच आहेत.

आणि हे एक: 'नव्या गिटारवाल्यात दम नाही. पहिल्या कॅसेटवर तिसऱ्या गाण्यात ज्याने वाजवलं होतं, तो कुठे गेला? त्याला कुणीतरी शोधा रे.'

मी काही मत दिलं नाही. आपलं काय, आपण घरचे.

तुझा
सावकाश

(गिटार लावायला अर्धा तास घ्यायचो म्हणून तूच ठेवलेलं नाव. विसरला असलास तर म्हणून.)


२१ जून

भोंग्या,

उत्तर आलं. सात ओळी. त्यातल्या दोन हवामानावर. आणि शेवटी: 'फोन करू नकोस, पत्रच लिही. पत्र बरं पडतं.' मी आमच्या हिला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, मोठ्या माणसांना आता फोनही चालत नाही. ती म्हणाली, "तू तरी कुठे फोन करणार होतास?"

ती शाळेत भूगोल शिकवते. तुला आठवत असेल. आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, आपली तालीम चालू झाली की खिडकी लावून घ्यायची. आता तीच तुझी गाणी ऐकते. कपड्यांना इस्त्री करताना, वह्या तपासताना, केस विंचरताना. बुधवारी ती काहीतरी गुणगुणत होती. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही." पण त्या 'काही नाही'ला चाल होती, आणि चाल तुझी होती.

एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने माझी एकही चाल गुणगुणलेली नाही. अर्थात मी केलेली नाही, म्हणूनही असेल.

आमच्या केंद्रात परवा एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. नवीन यंत्र बसवल्यावर लोकांना काहीतरी ऐकवावं लागतं, तर मी रेडिओ लावला. लागलं काय, तर तू. बाई डोळे मिटून ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "चांगला गातो हो हा माणूस. पण एवढा कर्कश का वाजवतो?" मी म्हटलं, तुमचं यंत्र नवीन आहे, सवय होईल. यंत्राचा दोष नव्हता, हे मला माहीत होतं.

तुला एक विचारायचं होतं. झांजा एवढ्या वर का ठेवल्यास? आणि तुझा 'स'. प्रत्येक 'स' असा शिट्टीसारखा सुटतो, जणू कुणी पुढे रेटलाय. कव्हरवर लिहिलंय की सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून जुळवायचं कामही तू एकट्याने, घरी बसून केलंस. दुसरं कुणी जवळ नव्हतं का? तू मदत घेणारा नव्हतास कधी, पण विचारतोय.

दारावरची घंटा ऐकू येते ना? पाखरं? सहजच. धंद्याची सवय.

आणि हो, 'जुना कान' अशा नावाने कुणीतरी एक मत टाकलंय. जरा वाईट आहे. वाचू नकोस.

तुझा
सावकाश


५ जुलै

भोंग्या,

ते तू वाचलंच असशील. आता न वाचून सोय नाही, सगळीकडे फिरतंय. तरी तुझ्यापर्यंत तुकडे तोडून पोचलं असेल तर म्हणून पूर्ण देतो:

'गाणी चांगली असतील. पण हा अल्बम ज्याने जुळवला त्याला वरचे स्वर ऐकू येत नाहीत. तीन हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गेलेलं आहे, डाव्या कानाचं जास्त. झांजा त्याला ऐकू येईनात म्हणून त्याने त्या वाढवल्या. "स" ऐकू येईना म्हणून "स" वाढवला. तुमच्या कानाला जे टोचतंय ते त्याला जेमतेम ऐकू येतंय. ज्याला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, त्याने ते दुसऱ्यांना ऐकवू नये.'

काल दुपारपर्यंत चार हजार एकशे बारा जणांनी त्याला पसंती दिली होती. मी पाहत बसलो नव्हतो, सहज दिसलं. तुझ्या सगळ्यात लाडक्या मतालाही नऊशेच्या वर नाहीत.

त्या पेपरवाल्याने त्याची बातमी करायला नको होती, एवढं मी म्हणेन. 'बहिऱ्याचं पुनरागमन' हा मथळा तर नीचपणाचा आहे. आणि त्यावर लोक जे विनोद करतायत ते मी वाचले नाहीत. एक-दोनच वाचले.

पण लिहिणारा जाणकार असावा, नाही का? इतकी वर्षं लोक तुझ्या आवाजावर बोलले, कपड्यांवर बोलले, लग्नांवर बोलले. कानावर कुणीच बोललं नव्हतं. डावा कान जास्त गेलाय हे केवळ ऐकून ओळखणं साधी गोष्ट नाही. आपला ढोलवाला तुझ्या डाव्या हाताला बसायचा, सहा वर्षं, तुझ्या कानापासून चार फुटांवर. हे ज्याला माहीत असेल त्याला अवघड नाही म्हणा.

हिने आज जेवताना विचारलं, "कोण असेल रे हा जुना कान?" मी म्हटलं, असेल कुणी रिकामटेकडा. मग तिने स्वतःच ताटं उचलली. एरवी ते काम माझं आहे.

काळजी घे. फोन करणार होतो, पण तुला आवडत नाही.

सावकाश


१४ जुलै

भोंग्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. 'सप्टेंबरचा कार्यक्रम अडकलाय. आयोजक म्हणतात कानाच्या तपासणीचा दाखला आणा. इथे कुणाकडे गेलो तर दुसऱ्या दिवशी पेपरात येईल. तू हेच काम करतोस, बरं झालं. तू खरं सांगशील. एकोणतीसला येतो. आणि फोनबद्दल तू रागावलेला दिसतोस. फोनवर मला अर्धं कळत नाही रे. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलेलं नाही.'

पत्र हिने उघडलं होतं. 'तू खरं सांगशील' इथे तिने बोट ठेवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तूच ना?" ती म्हणाली.

"काय मीच?"

"झांजा टोचतात असं सगळे म्हणतात. तीन हजारांच्या वर असं या घरात कोण म्हणतं?"

तेव्हा ऐक. जुना कान मी आहे. मी ते मत तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी लिहिलं. मग दुसऱ्या दिवशी बसून तुझं अभिनंदन केलं, आणि आपण मत दिलं नाही असंही सांगितलं. पुढच्या पत्रात 'वाचू नकोस' लिहिलं, ते तू वाचावंस म्हणून. एवढं सगळं शुद्धीवर असताना केलंय.

आता का, ते सांगतो. तुला त्यातलं अर्धं माहीत आहे.

पहिल्या कॅसेटचं ध्वनिमुद्रण संपत आलं होतं तेव्हा माझ्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि मी घरी गेलो. माझं तिसऱ्या गाण्यातलं गिटार झालेलं होतं. चौदा वेळा घेतलं होतं, चौदाव्या वेळी काचेपलीकडचा तो माणूस 'चालेल' म्हणाला होता. दोन महिन्यांनी कॅसेट टपालाने आली. वडील नुकते हिंडूफिरू लागले होते. आई, बहीण, ते, सगळे बसले, आणि मी कॅसेट लावली.

तिसऱ्या गाण्यात पहिल्या स्वरालाच मला कळलं. ती माझीच चाल होती, माझाच एकेक स्वर, पण वाजवत दुसरं कुणी होतं. आणि माझ्यापेक्षा बरं वाजवत होतं. मी जिथे दर वेळी अडखळायचो तिथून तो पाण्यासारखा निघून गेला. कव्हरवर नाव माझं.

वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या गिटारबद्दल त्यांनी तोवर एक बरा शब्द काढला नव्हता. म्हणाले, "म्हणजे शिक्षण सोडलंस ते अगदीच वाया गेलं नाही."

मी म्हटलं, "हो बाबा."

त्यानंतर मी परत आलो नाही. सगळ्यांना वाटतं वडिलांच्या दुखण्यामुळे. तूही मुलाखतींत तसंच सांगत आलास. बत्तीस वर्षं लोक मला त्या तिसऱ्या गाण्याबद्दल शाबासकी देतायत. लग्नात, बसस्टॉपवर, एकदा तर स्मशानात. मी खाली बघून हसतो. त्यांना वाटतं, काय नम्र माणूस आहे. 'त्याला कुणीतरी शोधा रे' हे मत मी तुला मुद्दाम पाठवलं. म्हटलं, बघू आता तरी काही बोलतो का. तू हवामानावर लिहिलंस.

तू पुढे गेलास याचं मला एवढं लागलं नसतं. कुणीतरी जायचंच असतं. पण माझ्या हातांवर तू काट मारलीस आणि वर माझं नाव ठेवून उपकार केलेस. मग मी चाळीस हजार लोकांपुढे तुला गाताना टीव्हीवर पाहिलं, पाहू नये असं ठरवूनही पाहिलं, आणि प्रत्येक वेळी आधी तू बेसूर होतोस का ते ऐकलं. अल्बम आला तेव्हाही मी गाणी ऐकलीच नाहीत. चुका ऐकल्या. त्या ऐकता ऐकता तुझं बहिरेपण ऐकू आलं, आणि मला काय झालं सांगू? लॉटरी लागल्यासारखं झालं.

हे सगळं मी काल हिला सांगितलं. कॅसेटचंही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"कॅसेट आली तेव्हापासून. तू ते दोन वर्षं माझ्या डोक्यावर वाजवत होतास. एका जागी नेहमी अडायचास. मी खाली वाट बघायचे, आज अडतो की नाही. कॅसेटमधला अडत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मग लग्न झालं. मग राहूनच गेलं."

मला वाटलं आता ती जवळ येईल. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "तुझ्यावर अन्याय झाला. पण तू जे केलंस ते त्याची फेड नाही. माणसाचं दुखणं चव्हाट्यावर मांडलंस. तुझ्याकडे येणाऱ्या एखाद्या म्हातारीचं असं केलं असतंस का?"

नसतं केलं. कामावरून काढलं असतं मला, आणि बरोबर केलं असतं.

तर आता तुला सगळं माहीत झालं. एकोणतीसला यायचं की नाही ते तू ठरव. दुसऱ्या एका चांगल्या माणसाचा पत्ता सोबत पाठवतोय. तो तोंडाचा घट्ट आहे.


९ ऑगस्ट

भोंग्या,

तू आलास. इतर पेशंटांसारखा नंबर घेऊन, टोपी डोळ्यांवर ओढून बाकावर बसलास, आणि मी दार उघडून अकरा नंबर म्हटलं तेव्हा तुला ऐकू आलं नाही. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं.

हे तुला परत सांगायचं कारण असं, की त्या दिवशीचं अर्धं तुला ऐकू आलेलं नाही. तू मान डोलावत होतास. सव्वीस वर्षं मी अशा माना पाहतोय. ज्याला ऐकू येत नाही तो हसतो, मान डोलावतो आणि 'बरोबर' म्हणतो. तू सुरुवातीला तीन वेळा 'बरोबर' म्हणालास. त्यातल्या एका वेळी मी तुला विचारलं होतं, पाणी हवंय का.

आणि खोलीत तू माझ्याकडे पाठ करून बसला होतास, तेव्हा काचेच्या अलीकडे काय झालं ते तुला दिसलेलं नाही. तेही लिहितो.

खालचे स्वर तुला चांगले ऐकू आले. हजारापर्यंत काही तक्रार नाही. दोन हजारांना तू जरा उशिरा बटण दाबलंस. तीन हजारांना काहीच नाही. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. तू अंगठा बटणावर ठेवून, मान किंचित वाकडी करून बसला होतास, गाणं सुरू होण्याआधी बसायचास तसा. मी इतका वाढवला की हेडफोनमधून सुटलेला स्वर मला काचेतून ऐकू येतोय असं वाटायला लागलं. तू शांत.

आणि मला बरं वाटलं. हे लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो. माझी कबुली पाठवून झाली होती, बायकोची बोलणी खाऊन झाली होती, तरीही पोटात गार पाणी सोडल्यासारखं बरं वाटलं.

मग तू बटण दाबलंस. मी काहीही सोडलेलं नव्हतं. स्वर बंद करून मी नोंद करत होतो, आणि तू दाबलंस. थोड्या वेळाने परत. लोक असं करतात. आता आला असेल, आता यायला हवा, असं म्हणून दाबतात. लहान मुलं करतात, म्हातारे करतात. तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं. तेव्हा ते बरं वाटणं गेलं. मी पेन खाली ठेवून जरा थांबलो. तुला वाटलं असेल, मी यंत्र जुळवतोय.

नंतर मी तुला तात्पुरती यंत्रं लावली. त्यानंतरचं तुला ऐकू आलंय, पण माझी उत्तरं मी धड दिली नाहीत, म्हणून तेही.

तू म्हणालास, माझा अल्बम लाव. मी लावला. पहिलं गाणं, जेमतेम अर्धं मिनिट. तू दोन्ही यंत्रं कानातून काढून तळहातावर धरलीस.

"हे असं ऐकलं लोकांनी?"

मी मानेने हो म्हटलं.

"आणि तरी बाप म्हणतायत?"

तू हसलास. मला हसू आलं नाही. मी गाणं बंद केलं.

परत लावल्यावर मी विचारलं, "पत्र मिळालं होतं का?"

"मिळालं," तू म्हणालास. "ते मत काढू नकोस. नऊशे-हजार मतं आहेत. कान देऊन ऐकून लिहिलेलं तेवढं एकच आहे. शेवटचं वाक्य काढ. ते गाण्याबद्दल नव्हतं."

मग बराच वेळ तू माझ्या टेबलावरचा तो प्लास्टिकचा मोठा कान उघडून परत बंद करत होतास. त्याच्या आतलं गोगलगाईसारखं हाड तू दोनदा पाडलंस. ते पाहत पाहतच म्हणालास, "कॅसेटचं. स्टुडिओवाल्यांनी मला विचारलं होतं. म्हणाले, पोरगा बरा आहे पण अडतो, दुसऱ्याकडून घेऊ का. मी एका मिनिटात हो म्हणालो. मला वाटलं तुला कळणार नाही."

"तेच जास्त वाईट होतं," मी म्हणालो.

"हो," तू म्हणालास. "माफ कर असं म्हणायला आलो होतो. पण तुझं पत्र वाचल्यावर कुणी कुणाला म्हणायचं तेच कळेना."

मी तुझा आलेख फाइलला लावला. बाहेर बारा नंबर बसले होते.

दाखला मी होता तसाच लिहिला. दुसरं काही लिहिता आलं नसतं, आणि त्यामुळे कार्यक्रम गेला हे पेपरात वाचलं. मला वाईट वाटलं. किती वाटलं ते विचारू नकोस, मोजण्याचं काम मी फक्त ऑफिसात करतो.

ते शेवटचं वाक्य त्याच संध्याकाळी काढलं. आता त्याखाली एकाने लिहिलंय, 'आधी मजा होती, आता नुसतीच माहिती आहे.'

तू निघून गेल्यावर मी एक गोष्ट केली. सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती. आमच्याकडच्या सहकारी बाईंना म्हटलं, माझे कान तपासा. आत जाऊन बसलो. बटण हातात घेतलं. आठ हजारांपर्यंत सगळं ऐकू आलं, अगदी कमीत कमी आवाजाला. मी बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या वयात असे कान मी पाहिले नाहीत. अगदी कोरे आहेत."

मी तुझा आलेख काढून माझ्याशेजारी ठेवला. माझा टेबलाच्या कडेसारखा सपाट. तुझा दोन हजारांपर्यंत चालत येतो आणि मग जिन्यावरून पाय घसरल्यासारखा खाली जातो. सहा वर्षं ढोलवाल्याशेजारी, नंतरची आठ वर्षं त्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे, चाळीस हजार माणसांच्या ओरडण्यात, त्याचा तो जिना. मी दोन्ही कागद बघत बसलो, आणि मला तुझ्या कागदाचा हेवा वाटला. दुसऱ्याच्या बहिरेपणावर जळणारा माणूस तू पाहिला नसशील. मीही तोवर पाहिला नव्हता.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "कोरे आहेत तर आता वापर." तिचं वह्या तपासणं चालू होतं. मान वर केली नाही, पण ताटं मला उचलू दिली.

आता मुद्द्याचं. अल्बम पुन्हा जुळवायला बसतोयस आणि वरचे स्वर ऐकायला कुणीतरी हवं, असं तू जाता जाता म्हणालास. मी म्हटलं, रजा बघतो. रजा भरपूर आहे. यायचं की नाही हे बघत होतो.

येतो. अटी सांगतो. मी म्हणेन ती झांज खाली येईल, वाद नाही. 'स' सगळे मी बघणार. कव्हरवर माझं नाव कुठेही घालायचं नाही, बारीक अक्षरांतसुद्धा नाही. आणि पाचव्या गाण्याला हात लावायचा नाही. ते मी परवा पहिल्यांदा नीट ऐकलं. चुका न शोधता. चांगलं आहे. एवढं चांगलं आहे की मला अजून राग येतोय, तेव्हा दोन-चार दिवस मी घुश्शात असलो तर मनावर घेऊ नकोस.

शनिवारी सकाळी दहापर्यंत पोचतो. सकाळी तू यंत्रं लावत नाहीस, अंघोळीनंतर लावतोस, असं तूच सांगितलंस. म्हणजे घंटा वाजवून उपयोग नाही आणि दार बडवूनही नाही. कडी काढून ठेव.

सावकाश